झाडाचा बुडखा काढताय? मग या चुका टाळा

झाड पाडताना बरेच जण ते अगदी जमिनीलगत कापून मोकळे होतात, इथेच पहिली चूक होते. बुडखा मशीनने उपटायचा असेल तर तीन-चार फूट खोड उभं ठेवा, त्याच्या वरच्या टोकाला जोर लावला की मुळं सैल होतात. आधीच खाली कापलं असेल तर ओढाओढी करू नका, भोवती खणून मुळं तोडा. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच आडवी पसरलेली असतात, म्हणून चर खोल नको, रुंद घ्या. आणि वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना खणा, कडक वाळलेल्या जमिनीत पहार नुसती उडते. मातीत चेनसॉ घालू नका, चेन लगेच बोथट होते, तिथे कुऱ्हाडच बरी.

आता ट्रॅक्टरला साखळी बांधून बुडखा ओढण्याबद्दल. हे प्लीज नीट वाचा, यात माणसं जातात. जोर जास्त मिळेल म्हणून साखळी वर टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा ॲक्सलला (मागच्या चाकांच्या आसाला) बांधतात, बुडखा काही हलत नाही, मग पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर मागे उलटतो, हे सगळं एक-दोन सेकंदात, क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी फक्त ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खालच्या बाजूला असलेल्या ओढायच्या दांड्यालाच लावा, झटके देऊ नका, आणि आजूबाजूला कुणालाही उभं राहू देऊ नका कारण तुटलेली साखळी कुठेही येऊ शकते. मोठा बुडखा असेल तर सरळ जेसीबी बोलवा.

डिझेल ओतून पेटवणं पण नकोच. ओलं लाकूड वरवर काळं होतं, डिझेल मातीत मुरतं, आणि वाळलेला बुडखा असेल तर मुळांतली धग आत कित्येक दिवस धुमसत राहते, वरून विझल्यासारखं दिसतं आणि भलतीकडेच आग निघते. मीठ ओतलं तर जमीनच खराब.

निलगिरी, सुबाभूळ नुसती कापून सोडली तर परत फुटतात, फुटवे कोवळे असतानाच काढत राहा.

काढलेला बुडखा घराजवळ पुरू नका, वाळवी लागते आणि कुजला की जमीन खचते. लाकडाचा भुसा मातीत मिसळला तर कुजताना नत्र (नायट्रोजन) खातो, पिकं पिवळी पडतात, त्यामुळे तो वर आच्छादन म्हणूनच पसरवा. खड्डा थराथराने माती टाकून तुडवत भरा आणि वर वीतभर उंचवटा ठेवा, पाऊस पडला की माती बसतेच.