खापरांवरून स्थलांतरित शोधताय? या चुका टाळा

कराडच्या आसपास नदीकाठाने किंवा गावाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर फिरलं की खापरं हमखास सापडतात. त्यातलं एखादं वेगळं दिसलं की लगेच "इथं परके लोक राहत होते" असं ठरवून टाकू नका.

देखण्या तुकड्यावर भिस्त ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. चांगलं भांडं व्यापाऱ्याच्या गाडीतून कुठंही पोचतं. शिवाय ते मुळात परकं असतंच असं नाही. १९४५ साली पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने चक्राकार नक्षीची जी भांडी भूमध्य प्रदेशातली मानली, ती पुढच्या अभ्यासात भारतीय ठरली.

वस्तीचा माग काढायचा तर काजळी धरलेली साधी हंडी, तवा, झाकणी बघा. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात भारतीय बनावटीची स्वयंपाकाची भांडी मिळाली. असली जाडीभरडी हंडी कोण कशाला दूरदेशी विकायला नेईल? म्हणून तिथं भारतीय माणसं राहत असावीत, या तर्काला वजन येतं. खापर उलटं करून आतली बाजूही बघा. आतून गोटा धरून बाहेरून थापी मारली असेल तर उथळ खळगे दिसतात. नक्षीची नक्कल कोणीही करतो, घडवण्याची सवय सहसा घरातूनच येते.

खापर मिळालं त्या जागी वस्ती होती, हेही गृहीत धरू नका. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकतात, तिच्याबरोबर खापरंही जातात. शेतकऱ्याला विचारा, माती कुठून आणली. बाकी काही नाही तरी जागेची नोंद आणि फोटो हवाच.

खापर ब्रशने खसाखसा धुऊ नका. आतला काळा थर डांबराचा असू शकतो. पश्चिम भारतात दारू-तेल वाहायचे रोमन कुंभ समजलेले कित्येक तुकडे अशाच लेपामुळे मेसोपोटेमियाकडच्या रांजणांचे निघाले.

उलटी चूकही होते: खापर नाही म्हणजे माणसं नव्हती. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी होते. बेड्या घालून आणलेला माणूस घरची भांडी कुठून आणणार? त्यांचा पत्ता सरकारी दप्तरातच लागतो. तिथं निळ्या नक्षीची चिनी मातीची बशी मिळालीच, तर आधी साहेबाच्या बंगल्याचा विचार करा.

आणि उकरू नका. उत्खननाला परवाना लागतो. काही विशेष दिसलं तर पुरातत्त्व विभागाला कळवा.