छाटणीच्या काड्या चिपरमधून काढताना

द्राक्षांची एप्रिलची खरड छाटणी सुरू झाली की तासगावच्या पट्ट्यात बांधाबांधावर काड्यांचे ढीग लागतात आणि संध्याकाळी धूर दिसतो. निरोगी काडी जाळणं मला पटत नाही. आपल्याकडे पाऊस कमी आणि उन्हाळा कडक. वेलीच्या बुडाशी भुगा पसरला तर ओल टिकते आणि तणही कमी उठतं. माझा चिपर, म्हणजे काड्यांचा भुगा करणारं मशीन, छोट्या ट्रॅक्टरवर चालतो. शेजारचे बागायतदार तो भाड्यानं नेतात, तेव्हा प्रत्येकाला जे सांगतो तेच इथे लिहितोय.

सगळ्यात आधी तार. मांडवाच्या तारेचा बोटभर तुकडा ब्लेडखाली गेला तरी धारेला दाते पडतात. काड्या वेचणाऱ्या बायकांना सकाळीच सांगून ठेवा: तार, सुतळीचा गुंता, ठिबकची नळी, दगड, सगळं वेगळ्या पाटीत. ढीग जमिनीवरून फरफटत आणू नका, काडीला चिकटलेली मातीच धार खाते. काडी ओली असतानाच काढा, ती सहज कापली जाते. वाळली की कडक होते, धूळही फार उडते.

पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा शाफ्ट, इंजिन हळू असताना जोडा आणि मग ५४० फेऱ्यांवर न्या. त्यासाठी इंजिनाचा किती आरपीएम लागतो, त्याची खूण बहुतेक ट्रॅक्टरच्या मीटरवर असते. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. उपरण्याचं टोक किंवा पदर शाफ्टात अडकला तर सोडवायला वेळच मिळत नाही. म्हणून शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर नसेल, तर मी मशीन देत नाही. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून ते काढून टाकणारे लोक पाहिले की माझा जीव वरखाली होतो.

काडी बुडख्याकडून घाला आणि तोंडासमोर उभं न राहता बाजूला राहा. शेवटचे तुकडे लांब काठीनं ढकला, हातानं किंवा पायानं कधीच नाही. आवाज जड झाला की घालणं थांबवा, फेरे पुन्हा भरू द्या. मशीन अडकलं तर पीटीओ सोडा, ट्रॅक्टर बंद करा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. पीटीओ सोडल्यावरही जड चाक बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

ब्लेडची तब्येत भुग्यावरून कळते. तुकडे स्वच्छ कापलेले असले तर धार ठीक आहे. सालीच्या लांब दोऱ्या निघू लागल्या, मशीन थरथरलं, ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला, तर काम थांबवा. सगळी ब्लेडं एकदमच काढायची आणि मूळ कोनातच धार लावायची. ग्राइंडरवर घाई केली तर पोलाद निळं पडतं, म्हणजे पाणी, त्याचा कडकपणा, उतरलं. असं ब्लेड पुन्हा लगेच बोथट होतं. थोडं घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा. मग समोरासमोरची ब्लेडं काट्यावर तोला. वजनात फरक राहिला तर ब्लेडांचा ड्रम हादरतो आणि आधी बेअरिंग जातं. बसवल्यावर स्थिर पात्याशी असलेली फट मशीनच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवा, ड्रम हातानं एक पूर्ण फेरा फिरवून काही घासत नाही ना ते पाहा. तासाभराच्या कामानंतर बोल्ट पुन्हा आवळा.

शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, रोज काम सुरू करण्याआधी ग्रीस, बेअरिंगला पुस्तकात लिहिलंय तेवढंच. जास्त भरलं तर सील फाटतं. नवा पट्टा पहिल्या दिवशीच सैल पडतो, तो ताणून घ्या.

भुगा खोडापासून वीतभर दूर पसरा. ताजा भुगा मातीत मिसळू नका, तो कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो. मिसळायचाच असेल तर शेणासोबत आधी कुजवा.

आटपाडीकडून डाळिंबाच्या फांद्यांसाठीही विचारणा होते. तेल्या रोग आलेल्या बागेतल्या फांद्या मी चिपरमध्ये घेत नाही, त्या बागेबाहेर नेऊन जाळायच्याच असतात. आणि एका बागेतून दुसरीकडे मशीन नेताना हॉपर (काडी घालायचं तोंड), ड्रम आणि भुगा बाहेर टाकणारी नळी झाडून, धुऊनच न्या.