छाटणीआधी रोटाव्हेटर उतरवायचाय? आधी त्याची जागा तयार करा

फळछाटणीची तारीख ठरली की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्ष बागायतदाराच्या छोट्या ट्रॅक्टरला अवजार बदलावं लागतं. तोवर मागे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर असतो, डोळे फुटायला लागले की औषध फवारणारा ब्लोअर लागतो. परतीचा पाऊस रेंगाळला, पानं ओली राहायला लागली की डाऊनी रोगाच्या धास्तीनं ब्लोअर रातोरात जोडावा लागतो. मग रोटाव्हेटर बांधाकडेला जमेल तसा टेकवला जातो. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी तोच जोडायला घेतला की तीन माणसं पहारी घेऊन तासभर त्याच्याशी झटतात. जोडताना होणारा बहुतेक त्रास हा उतरवतानाच पेरलेला असतो. म्हणून ही तयारी उतरवण्याच्या आदल्या दिवसापासून धरावी.

पहिली तयारी जागेची. छोट्या ट्रॅक्टरला चालणारा रोटाव्हेटर हलका म्हटला तरी दीड-दोनशे किलोंचा असतो, चार फुटी घेतला तर त्याहून बराच जड. हे वजन काळ्या रानात ठेवलं की पहिल्या पावसात एक बाजू खचते आणि अवजार तिरकं बसतं. तिरक्या अवजाराच्या पिनांची भोकं ट्रॅक्टरच्या लिंकांशी, म्हणजे अवजार धरणाऱ्या मागच्या तीन दांड्यांशी (खाली डावी-उजवी, वर टॉप लिंक), कधीच जुळत नाहीत. शेडमध्ये कोबा असेल तर उत्तमच. नसेल तर मुरूम टाकून, पाणी मारून, चांगला कुटून घ्या आणि वर जाड फळ्या टाका. जागा निवडताना ट्रॅक्टर सरळ रेषेत मागे यायला निदान दोन ट्रॅक्टरांच्या लांबीइतकं मोकळं अंतर समोर आहे का, हे बघा. वळण घेत मागे येऊन अवजार जोडता येत नाही. अवजाराचं जोडणीचं तोंड बाहेरच्या बाजूला राहू द्या. जे अवजार आधी लागणार ते पुढे आणि वर्षातून एकदा लागणारं आत, हा क्रम पाळला तर एका अवजारासाठी दुसरं हलवावं लागत नाही. शेडमध्ये पोरं खेळत असतील तर त्यांची वाट तिथून जाणार नाही असा कोपरा बघा. ठोकळ्यावर उभं केलेलं लोखंड पोराच्या धक्क्यानंसुद्धा कलंडू शकतं.

नदीकाठच्या लोकांनी इथं आणखी एक विचार करावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांत कुठवर आलं होतं, हे प्रत्येकाला आपापल्या भिंतीवर दाखवता येतं. त्या खुणेच्या खाली पावसाळ्यात अवजार ठेवू नये. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. आपल्या शेडमध्ये पाणी यायला पुलावर किती फूट लागतात, हे जुन्या माणसांना विचारून दारावर रंगानं लिहून ठेवा आणि त्याच्या बऱ्याच आधी अवजार उंचावर न्या. तरीही रोटाव्हेटर बुडालाच, तर बाहेरून कोरडा दिसतो म्हणून चालू करू नका. गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं असेल तर ऑइल दुधाळ होतं. ते पूर्ण काढून, नवं भरून मगच शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा दांडा) जोडायचा.

सामान जवळ काढून ठेवा. बाभळीचे किंवा तशाच टणक लाकडाचे चार-सहा ठोकळे, लोखंडी घोडी, पहार, हातोडी, पाने, ग्रीसची गन, तारेचा ब्रश, थोडा ऑइलपेंट, जादा लिंच पिना (मोठी पिन निसटू नये म्हणून लावायच्या कडीच्या पिना). विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे टेकू म्हणून अजिबात वापरू नका. वजन एका टोकावर आलं की ते फुटतात, आणि फुटण्याआधी कसलीही खूण देत नाहीत.

रोटाव्हेटर धुणं-पुसणं तो ट्रॅक्टरला असतानाच करून घ्यावं, कारण उचलून पात्यांखालची माती काढता येते. पण एक गोष्ट कधीही विसरू नका: हायड्रॉलिकनं उचललेल्या अवजाराखाली नुसत्या लिफ्टच्या भरवशावर हात घालायचा नाही. इंजिन बंद, चावी खिशात, अवजाराखाली दोन्ही बाजूंना घोडी किंवा ठोकळे, मगच हात आत. लिफ्टचा लिव्हर कुणाच्या नकळत लागला किंवा सील गळत असलं तरी अवजार खाली येतं. माती निघाली की रोटरची दोन्ही टोकं नीट बघा. बागेत ठिबकच्या नळीचे तुकडे, सुतळी, तारा, छाटलेल्या काड्या तिथंच गुंडाळल्या जातात आणि आत सरकून ऑइल सील कापतात. सील गेलं की ऑइल गळतं आणि बेअरिंग जातं. सुरीनं कापून हे सगळं काढा. पाती झिजली असतील तर आत्ताच मोजून ठेवा. डावी किती, उजवी किती, वेगवेगळी लिहा, म्हणजे ऐन एप्रिलमध्ये दुकानात जाऊन अंदाज बांधावा लागणार नाही. पात्यांचे नटबोल्ट आवळा, ग्रीसच्या निपलांना ग्रीस द्या. गिअरबॉक्सचं ऑइल लेव्हलच्या बोल्टपर्यंत आहे का ते मात्र ठोकळे काढून, अवजार सपाट टेकवून बघा.

आता उतरवण्याचा क्रम. ट्रॅक्टर ठरलेल्या जागी सरळ मागे घ्या. पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) बंद करा. फळ्यांवर आणि ठोकळ्यांवर रोटाव्हेटर हळू उतरवा, त्याचा स्टँड असेल तर त्याची पिन घाला. जोडलेलं असताना अवजार ज्या उंचीवर होतं, जवळजवळ त्याच उंचीवर ते बसलं पाहिजे. ठोकळ्यांचा सगळा उद्देश एवढाच आहे. लिफ्टचा लिव्हर पूर्ण खाली, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. पीटीओचा शाफ्ट फिरायचा पूर्ण थांबला, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खाली उतरू नका.

सगळ्यात आधी शाफ्ट काढा. तो राहू देऊन ट्रॅक्टर पुढे घेतला तर दोन तुकडे ओढले जाऊन नळ्या वाकतात. शाफ्टचे दोन्ही भाग एकमेकांतच ठेवा. वेगळे करावेच लागले, तर आधी दोन्ही नळ्यांवर एका रेषेत रंगाची खूण करा. दोन्ही भागांचे आतले योक (टोकाचे दुबेळके) एकाच रेषेत बसले पाहिजेत. चौकोनी नळीचा शाफ्ट नव्वद अंश फिरवूनही बसतो, पण मग तो थरथरतो आणि क्रॉस (योक जोडणारा अधिकच्या आकाराचा तुकडा) लवकर तुटतो. मग टॉप लिंक काढा, पण काढण्याआधी तिची पिनेपासून पिनेपर्यंतची लांबी टेपनं मोजून रोटाव्हेटरवरच रंगानं लिहा. पुढच्या वेळी तीच लांबी ठेवली की रोटाव्हेटर पहिल्या ओळीतच योग्य कोनात चालतो. नंतर उजवी लिंक, शेवटी डावी. पिना काढल्या की खिशात किंवा ट्रॅक्टरच्या डब्यात टाकू नका. त्या अवजाराच्याच भोकात परत घालून लिंच पिन लावा. पिन ज्या अवजाराची, ती त्याच्याकडेच राहिली पाहिजे.

पिनांचं आणखी थोडं सांगणं गरजेचं आहे, कारण आपल्याकडे भावकीत, शेजाऱ्यात अवजारं फिरतात. छोट्या ट्रॅक्टरांची जोडणी बहुधा कॅटेगरी १ ची असते. त्यात खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची १९ मिलिमीटरची. मोठ्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरी २ मध्ये खालच्या २८ आणि वरची २५ मिलिमीटरची. मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम भागवलं तर भोक लांबट होत जातं आणि अवजार हादरे खातं. बुश (भोक बारीक करणारी लोखंडी नळी) घाला, किरकोळ खर्चाचं काम आहे. शेजाऱ्याचा शाफ्ट आणताना लांबीही तपासा. शाफ्ट पूर्ण आत दबलेल्या स्थितीतही साधारण एक इंच मोकळं अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर अवजार उचलताना तो ट्रॅक्टरच्या पीटीओच्या बेअरिंगवर आपटतो. उलट फार आखूड असेल तर चालताना निसटतो. काम करताना दोन्ही नळ्या एकमेकांत निदान एक तृतीयांश लांबीइतक्या बसलेल्या असाव्यात.

ठेवताना पाती उघड्या मातीला लागू देऊ नका, गंज तिथूनच चढतो. पुसलेल्या पात्यांवर पातळसं ऑइल किंवा ग्रीस पुरतं. जळकं ऑइल बादलीभर ओतायची पद्धत आहे, ती मला पटत नाही, कारण ते ठिबकून आपल्याच जमिनीत आणि तिथून विहिरीत जातं. शाफ्ट जमिनीवर लोळत ठेवू नका, आडव्या वाशाला टांगा. त्याचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरची साखळी तुटली असेल तर बदलायची हीच वेळ आहे. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा पदर त्यात गेला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. घरातली, मजुरीला येणारी माणसं याच्या आसपास वावरतात, म्हणून कव्हरशिवाय शाफ्ट चालवायचा नाही, एवढं ठाम ठरवा.

ब्लोअर उतरवताना पहिला नियम: टाकी पूर्ण रिकामी. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, आणि अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी हिंदकळून अवजार कलंडवतं. स्वच्छ पाण्यानं दोन-तीन वेळा धुऊन, तेच पाणी नोझलमधून सोडून द्या, बागेतच, ओढ्यात किंवा विहिरीजवळ नव्हे. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारला असेल तर हे त्याच दिवशी करा. मोरचूद लोखंड खातं आणि चुना गाळणीत, नोझलमध्ये घट्ट बसतो. पंपाचं ऑइल बघा; पांढरट दिसलं तर डायफ्राम फाटलाय. पाइप गुंडाळून उंचावर अडकवा, उंदीर-घुशींना ते फार आवडतात. आणि उसाच्या तणासाठी टू-फोर-डी ज्या टाकीतून मारलं, ती टाकी, तो पाइप, तो पंप द्राक्षाला वापरू नका. द्राक्षवेल या औषधाला इतकी नाजूक आहे की उरलेल्या अंशानंही पानं आखडतात. वेगळी टाकी ठेवणं परवडतं, वर्षाची बाग गमावणं परवडत नाही.

फणपाळी, नांगर, सरी रेझर यांचं फार काही नाही. तळाला फळी, फणांना ऑइल, आणि कलंडणार नाही अशा रुंद पायावर ठेवा. दोन चाकी ट्रॉली सोडताना मात्र ती रिकामी असावी, दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचर असावी आणि जॅक कोब्यावर टेकलेला असावा. माल मागच्या बाजूला असताना हुक सोडला तर ट्रॉलीचा दांडा एकदम वर उसळतो.

जोडायच्या दिवशी क्रम उलटा: डावी लिंक, उजवी लिंक, टॉप लिंक, शेवटी शाफ्ट. डावी आधी, कारण तिची उंची ठरलेली असते. उजवीला लेव्हलिंगचं हँडल असतं, त्यामुळे ती वर-खाली करून भोक जुळवता येतं. हँडल नसलेली बाजू आधी बसवली की दुसरी जुळतेच. ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गिअरमध्ये मागे घ्या. ट्रॅक्टर हलत असताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये कुणीही उभं राहायचं नाही, इशारे करणारासुद्धा बाजूला. हातभर अंतरावर थांबा, मग बोटा-बोटानं मागे या. लिंकेची उंची सीटवर बसून पोझिशनच्या लिव्हरनं जुळवा. मग इंजिन बंद, हँडब्रेक, आणि तेव्हाच खाली उतरून पिन घाला. भोक जुळलंय का हे बोट घालून बघू नका. अवजार इंचभर सरकलं तरी बोट जातं. पहारीनं बघा.

शाफ्ट बसला की कुलपाचा खटका ऐकू येतो, तरी ओढून खात्री करा. कव्हरची साखळी अडकवा. खालच्या लिंका बाजूला झुलू नयेत म्हणून असलेल्या साखळ्या आवळताना रोटाव्हेटरला किंचित सैल ठेवा. ब्लोअरला जरा घट्ट, कारण ओळीतून वळताना तो झुलला तर खांबाला किंवा तारेला लागतो. मग इंजिन चालू करून, पीटीओ बंद ठेवून अवजार हळूहळू पूर्ण वर उचला आणि शाफ्ट कुठं दबतोय का बघा. स्टीअरिंग हलकं लागलं, पुढची चाकं उचलल्यासारखी वाटली, तर पुढे वजनं लावल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका, चढावर तर नाहीच. सगळं ठीक असेल तर माणसं दूर करून, कमी रेसवर पीटीओ टाका. पहिली ओळ झाली की ट्रॅक्टर थांबवून पाती आणि टॉप लिंकचे नट पुन्हा एकदा आवळा.