आभाराची चिठ्ठी घरच्या माणसाला लिहिताय? या चुका टाळा

आमच्या सातारा-सांगली भागात वहिनीला नुसतं 'थँक्यू' म्हणून बघा. "आम्हाला परकं केलंस होय?" हे ऐकायला मिळणारच. घरच्या माणसाचे तोंडावर आभार मानले की दोघंही अवघडतात. म्हणून बहुतेक जण काहीच बोलत नाहीत, आणि वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसाला आपलं काम कुणाला दिसतंय की नाही हेच कळत नाही. हाताने लिहिलेली चिठ्ठी इथे उपयोगी पडते. वाचणाऱ्याला लगेच काही बोलावं लागत नाही, एकट्याने वाचता येते, पुन्हा वाचता येते. पण ती चुकीची लिहिली तर खरंच परकेपणा येतो. असा परकेपणा कुठून शिरतो आणि तो कसा काढायचा, ते बघू.

समारंभाची भाषा

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या बिघडतात त्या इथे. उदाहरण घेऊ. वडील मिरजेच्या दवाखान्यात आहेत, घर कवठेमहांकाळच्या बाजूला, आणि काकी सांगलीत. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे सांगलीत राहणाऱ्या प्रत्येकाकडे कुठल्या ना कुठल्या पाहुण्याच्या डब्याची जबाबदारी येतेच. काकीने आठ-दहा किलोमीटरवरून रोज डबा पाठवला. सगळं पार पडल्यावर पुतणी लिहिते: 'आपण केलेल्या अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत.' असलं वाक्य मंडळाच्या अहवालात चालतं. काकी ते वाचेल, घडी घालेल आणि विसरून जाईल, कारण ते कुणालाही पाठवता आलं असतं.

त्याऐवजी हे वाचा:

'काकी, बाबा मिरजेला होते तेव्हा तू रोज डबा पाठवलास. बाबांच्या डब्यात मीठ कमी आणि आमच्या डब्यात वेगळी भाजी, हे माझ्या लक्षात दोन दिवसांनी आलं. म्हणजे तू रोज दोन स्वयंपाक करत होतीस. आई त्या दिवसांत दुसरं काही खात नव्हती, तुझी भाकरी तेवढी खायची. डबे घासून ठेवलेत, रविवारी घेऊन येते.'

यात 'आभार' हा शब्दसुद्धा नाही. तरी काकीला कळतं की आपण काय केलं ते कुणीतरी नीट पाहिलं होतं. चिठ्ठी अडली की स्वतःला तीन गोष्टी विचारा: त्या माणसाने नेमकं काय केलं, त्यासाठी त्याला काय करावं लागलं, आणि त्याने आपलं काय निभावलं. मधली गोष्ट आपण हमखास गाळतो, आणि वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त भिडते ती तीच. दोन स्वयंपाक, पहाटेची एसटी, दुकान बंद ठेवून आलेला दिवस. हे लिहिलंत की भाषा साधी असली तरी चालते.

याच्याच जोडीची चूक म्हणजे 'तू'चं 'आपण' होणं. आईला जन्मभर 'अगं आई' म्हणणारा मुलगा कागदावर 'आपण माझ्यासाठी कष्ट घेतलेत' लिहितो आणि आई दचकते. बोलता तसंच लिहा. तात्यांना, आबांना 'तुम्ही' म्हणत असाल तर 'तुम्ही', आक्काला 'तू' म्हणत असाल तर 'तू'. मायन्याचंही तेच. ज्या आजोबांनी आयुष्यभर 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' लिहून पत्रं पाठवली, त्यांना तसा मायना जरूर लिहा, त्यांना तो आवडतो. पण शाळेच्या व्याकरणातला मायना मावसभावाला चिकटवू नका.

आभार फक्त वरच्या दिशेने

धाकट्याने थोरल्याला लिहायचं, ही समजूत घराघरांत आहे. सासू सुनेला लिहीत नाही, बाप मुलाला लिहीत नाही, थोरला भाऊ धाकट्याला लिहीत नाही. 'तिचं कामच आहे ते' असं म्हणून विषय संपतो. माझ्या मते घरगुती चिठ्ठीचं सगळ्यात मोठं काम नेमकं इथे आहे. सुनेने सासऱ्यांना केवायसीसाठी बँकेत नेलं, त्यांना बसवून स्वतः रांगेत उभी राहिली, फॉर्म भरला, परत येऊन स्वयंपाकाला लागली. सासऱ्यांनी वहीच्या अर्ध्या पानावर लिहिलं, 'आज बँकेत तू होतीस म्हणून मला चार लोकांत अडाणी वाटलं नाही,' तर त्या पोरीला त्या घरात आपण कोण आहोत हे कळतं. तोंडाने सांगायला सासऱ्यांना जड जाईल, कागदावर जमतं. मोठ्यांनी लिहिल्याने मान कमी होत नाही. खाली 'अनेक आशीर्वाद' लिहा, नातं आहे तिथेच राहतं.

काम एकीचं, नाव दुसऱ्याचं

गावची जत्रा आठवा. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मटण, आणि दोन्ही दिवस दारात गाड्यांची रांग. पुण्या-मुंबईचे पाहुणे जाताना थोरल्या दादांना नमस्कार करतात, 'बेस्ट झालं दादा' म्हणतात आणि निघतात. चुलीपुढे दोन दिवस उभी असलेली थोरली वहिनी आत भांडी आवरत असते. घरी पोचून चिठ्ठी लिहिणार असाल तर ती तिच्या नावाने लिहा. 'श्री. व सौ.' असं एकत्र लिहिलेलं पाकीट श्री.च फोडतात आणि तिच्यापर्यंत 'त्यांचं पत्र आलंय' एवढंच पोचतं. दादांनी बैठक, जागा, पाणी बघितलं असेल तर त्यांना वेगळी चिठ्ठी. एका कागदावर दोघांचं उरकलं की दोघांनाही अर्धंच मिळतं.

लिहिणाऱ्याच्या बाजूनेही हेच होतं. नवऱ्याच्या मामांनी मदत केली आणि चिठ्ठी बायको लिहिते, खाली दोघांची नावं. मामांना अक्षर कुणाचं ते लगेच कळतं. ज्याच्यासाठी कुणी धावलं त्यानेच लिहावं, अक्षर कसंही असो.

आभारात मिसळलेलं दुसरं काही

'यंदा तरी लग्नाला आलात, बरं वाटलं.' यातलं 'तरी' तेवढं वाचलं जातं. तक्रार असेल तर ती वेगळी, समोरासमोर बोला. तसंच मागणं: 'मागच्या वेळी फार मदत केलीत, आता धाकट्याच्या ॲडमिशनचंही बघा' असं लिहिलं की आधीची सगळी ओळ त्या मागण्याची पायरी होऊन जाते.

पैशाबाबत जास्त जपा. विटा, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात देशभर विखुरलेली आहेत. सोनं-चांदी गाळणारा भाऊ परराज्यातून पैसे पाठवतो आणि इकडे घर उभं राहतं. त्याला चिठ्ठी लिहिताना आकडा लिहू नका. असा कागद तो राहतो त्या खोलीत चार जणांच्या हातात जातो. पैशाचं काय झालं ते लिहा: गोठ्यावर पत्रे चढले, पहिल्या पावसात म्हशी कोरड्या राहिल्या, बाबांनी शेजाऱ्याला हाक मारून दाखवलं. दूर राहणाऱ्याला आपल्या पैशाचं रूप बघायला मिळत नाही, ते त्याला चिठ्ठीतून मिळू दे. उसने घेतलेले परत करताना हिशोबाचा कागद वेगळा ठेवा.

मुलांकडून लिहून घेताना

आई सांगते आणि पोर उतरवून काढतं: 'प्रिय आत्या, सुंदर भेटवस्तूबद्दल धन्यवाद.' आत्याला ते पोराचं वाटत नाही आणि पोराला चिठ्ठी म्हणजे शिक्षा वाटते. विचारा, 'आत्याने दिलेल्या सायकलवर पहिल्यांदा कुठे गेलास?' तो म्हणेल, 'घाटावर, आणि पडलो.' तेच लिहायला सांगा. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू नका. लिहिता येत नसेल तर चित्र काढू द्या, खाली नाव त्याच्या हाताने.

'आता फार उशीर झाला'

या विचाराने न लिहिलेल्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त असतील. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. त्यात लोकांना कृतज्ञतेचं पत्र लिहायला लावलं आणि घेणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा घेणाऱ्यांना जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं. लिहिणारे शब्द नीट जमतील का या काळजीत होते, वाचणाऱ्यांना त्यातला ओलावा दिसला. तेव्हा बाळंतपण काढून गेलेल्या मावशीला पोरगं शाळेत जायला लागल्यावर लिहिलंत तरी चालतं. मात्र उशिराची माफी अर्धं पान मागत बसू नका. एक वाक्य पुरे, मग थेट तिने घातलेल्या शेकशेगडीवर आणि डिंकाच्या लाडवांवर या.

कागद, शाई, पत्ता

कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीतल्या घरांमधून भिजलेल्या कागदांचे ढीग बाहेर निघाले. शाईपेनाची निळी शाई पाण्यात विरघळते, पुष्कळशा स्वस्त जेलपेनांचीही पसरते. साध्या बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकते. पेन्सिलही पाण्याला दाद देत नाही. जपून ठेवावी अशी चिठ्ठी असेल तर बॉलपेन वापरा, आणि पूरपट्ट्यात राहत असाल तर अशा चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा, कपाटाच्या खालच्या खणात नको. वर्तमानपत्रासारखा कागद लवकर पिवळा पडून चुरतो, वहीचं पान बरं. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर अक्षर मोठं काढा, एक ओळ सोडून लिहा, काळी शाई घ्या.

आजीला वाचताच येत नसेल तरी लिहा. फक्त ती नातवाकडून किंवा शेजारणीकडून वाचून घेणार आहे हे धरून चाला आणि चार लोकांत ऐकायला तिला संकोच वाटेल असं काही घालू नका.

पोस्टाने पाठवणार असाल तर पत्त्यावर घोळ होतो तो 'मु.' आणि 'पो.' एकच समजल्यामुळे. अनेक वाड्या-वस्त्यांना स्वतःचं पोस्ट नसतं, ते शेजारच्या मोठ्या गावात असतं. तेव्हा मुक्काम वाडीचा, पोस्ट मोठ्या गावाचं, मग तालुका, जिल्हा आणि पिनकोड. एकाच नावाची गावं आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे तालुका गाळू नका. पिनकोड १९७२ पासून आहे, तरी घरोघरी तो अंदाजाने लिहिला जातो. सातारा शहराचा ४१५००१, सांगलीचा ४१६४१६, मिरजेचा ४१६४१०. जिल्ह्याच्या शहराचा पिन टाकून गावचं पत्र पाठवलं की ते उगाच फिरत बसतं.

अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेल्या साताऱ्यात ज्यांच्या घरचं कुणी फौजेत आहे त्यांना एक सांगणं: जवानाला लिहिताना नंबर, हुद्दा, नाव, युनिट, आणि शेवटी ५६ किंवा ९९ एपीओ (म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस) व ९ या आकड्याने सुरू होणारा पिन, एवढंच लिहा. तो कुठे तैनात आहे ते ठिकाण पाकिटावरही नको आणि आतही नको.

मिळालेल्या चिठ्ठीचं काय करता

चूक घेणाऱ्याकडूनही होते. चिठ्ठी आली की तिचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा आणि खाली पन्नास हात जोडलेले. लिहिणाऱ्याने ती एकासाठी लिहिली होती. पुढच्या वेळी तो चार लोकांना दाखवण्याजोगं लिहील, म्हणजे पुन्हा तीच अहवालाची भाषा. ग्रुपवर टाकायचीच असेल तर आधी त्याला विचारा.

उत्तराची वाट बघू नका. आपल्याकडे चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर द्यायची सवय राहिलेली नाही. आत्या पुढच्या खेपेला शेंगांची पिशवी जरा जड देईल किंवा काहीच बोलणार नाही, दोन्ही ठीक. पोस्टाने पाठवून पंधरा दिवस झाले तर फोनवर एवढंच विचारा, 'पाकीट आलं का?' आलं नसेल तर मजकूर फोनवर वाचून दाखवू नका. पिनकोड एकदा पोस्टात तपासून घ्या आणि तीच चिठ्ठी परत लिहून पाठवा.