बोलण्यातला अडलेला शब्द एआर चष्म्यावर कसा उलगडून घ्यावा

समोरच्याचं बोलणं कळत असतं, पण मध्येच एखादा शब्द अडतो आणि त्यापायी पुढची दोन वाक्यं निसटतात. तो शब्द पकडून त्याचा अर्थ एआर चष्म्याच्या, म्हणजे समोरच्या दृश्यावरच मजकूर उमटवणाऱ्या चष्म्याच्या, काचेवर दाखवायचा, एवढंच काम चष्मा, फोन आणि माइक यांच्या जुळणीकडून घ्या. अख्ख्या वाक्यांची सबटायटल्स कमी ऐकू येणाऱ्याला फार मोलाची. नीट ऐकू येणाऱ्याची नजर मात्र त्यामुळे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून हटते.

लागतं ते असं: एआर चष्मा, बऱ्यापैकी ताकदीचा स्मार्टफोन आणि कॉलरला लावायचा वायरलेस माइक. चष्मा घेण्याआधी तो बाहेरच्या ॲपकडून मजकूर आणि चित्र दोन्ही स्वीकारतो का, ते बघाच. नाहीतर पुढचं काहीच जमणार नाही.

सुरुवात माइकपासून करा, पडद्यापासून नको. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं पडतो, खोलीतला घुमारा मात्र तेवढाच राहतो. शिवाय काही चष्म्यांचे माइक घालणाऱ्याच्याच तोंडाकडे रोखलेले असतात, त्यामुळे समोरच्याचा आवाज गोंगाट समजून दाबला जातो. म्हणून कॉलर माइक बोलणाऱ्याला लावा किंवा त्याच्यासमोर मेजावर ठेवा.

आवाज १६ किलोहर्ट्झ (सेकंदाला १६ हजार नमुने), १६ बिट, मोनो (एकच वाहिनी) असा हवा. ब्लूटूथ माइक इथे दगा देतो: कॉलसाठीच्या जुन्या पद्धतीत तो ८ किलोहर्ट्झवर उतरतो आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे ४ किलोहर्ट्झ कंपनांच्या वरचं सगळं कापलं जातं. स, श, फ यांतला फरक बराचसा तिथेच असतो. फाइलवर १६ किलोहर्ट्झ लिहिलेलं दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या कंपनांना किती आवाज आहे हे दाखवणारं चित्र, बघा. ४ किलोहर्ट्झच्या वर सगळं कोरं असेल, तर आवाज वाटेतच कापला गेलाय.

आता आवाजाचे तुकडे. बोलणं चालू आहे की थांबलंय हे ओळखणारा छोटा प्रोग्रॅम बोलणं लिहून देणाऱ्या मॉडेलच्या आधी बसवा आणि ३०० ते ५०० मिलिसेकंदांची शांतता आली की तुकडा तोडा. सलग बोलणाऱ्याचा तुकडा ५-६ सेकंदांवर तोडा, नाहीतर अर्थ फार उशिरा येतो. ही पायरी गाळू नका: ओपनएआयचं व्हिस्पर मॉडेल शांततेतही कधीकधी न बोललेली वाक्यं लिहून देतं. व्हिस्परचं ‘बेस’ रूप ७.४ कोटी पॅरामीटरचं (मॉडेल शिकताना ठरलेले आकडे; जितके जास्त, तितकं मॉडेल जड), ‘स्मॉल’ २४.४ कोटींचं. फोनवर आधी बेस चालवा. मराठीत चुका जास्त वाटल्या तरच स्मॉलकडे जा. विषयातले खास शब्द सूचना म्हणून आधी देता येतात, पण २०-२५ च्या वर देऊ नका. यादी फुगली की न बोललेले शब्दही उमटू लागतात.

खरी कसोटी गाळणीची, म्हणजे लिहून आलेल्या शब्दांतून दाखवायचे तेवढेच निवडण्याची. कोणता शब्द अनोळखी, हे ठरवायला झिप्फ मोजपट्टी, म्हणजे शब्द किती वेळा वापरात येतो त्याचा आकडा, वापरा. त्यात ३ म्हणजे दहा लाख शब्दांत एकदा, ६ म्हणजे हजार वेळा येणारा शब्द. ३.५ च्या खालचे शब्द दाखवा आणि मग स्वतःच्या सोयीनं हा आकडा हलवा. मराठीत त्याआधी शब्दाचं मूळ रूप काढणं भाग आहे, नाहीतर ‘झाडांखालच्यांनासुद्धा’ हा शब्द दुर्मीळ ठरून ‘झाड’चा अर्थ समोर येईल. माणसांची नावं वगळा.

इथे एक गोम आहे. मॉडेलनं चुकीचा ऐकलेला शब्दही बहुतेकदा दुर्मीळच असतो. म्हणजे गाळणी नेमक्या चुकाच गोळा करते! त्यावर दोन उपाय, दोन्ही करा. मॉडेल प्रत्येक शब्दामागे आपली खात्री ० ते १ मध्ये सांगतं, ती ०.६ च्या खाली असेल तर शब्द सोडून द्या. आणि अर्थाबरोबर ऐकलेला शब्दही दाखवा, म्हणजे कानावर पडलेलं आणि काचेवर उमटलेलं जुळतं का, हे घालणाऱ्याला लगेच कळतं.

अर्थ पाच-सहा शब्दांत बसवा आणि त्यात मूळ शब्दाहून अवघड काही येऊ देऊ नका. ‘अपक्षय’साठी ‘ऊन-पाण्यानं खडक झिजून फुटणं’ पुरे. एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर पूर्ण वाक्य सोबत घेऊन निवड करा. ‘रस’ कवितेवरच्या व्याख्यानात वेगळा आणि आयुर्वेदात वेगळा.

देवनागरी थेट चष्म्याला पाठवली तर पुष्कळदा जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, किंवा नुसते चौकोन दिसतात. चष्म्यातल्या सॉफ्टवेअरला अक्षरं जुळवता येत नाहीत, हे त्याचं कारण. मजकूर फोनवरच चित्र म्हणून तयार करा आणि चित्र पाठवा. टाइप जाड ठेवा, बारीक रेषा उजेडात विरतात. पार्श्वभूमी काळी द्या. असा पडदा फक्त उजेड टाकू शकतो, त्यामुळे काळा रंग पारदर्शक दिसतो. एका वेळी एकच शब्द, दोन ओळी, नजरेच्या खालच्या भागात, ४ सेकंद. तोच शब्द दोनदा दाखवून झाला की तिसऱ्यांदा नको.

उशीर मोजायला दुसऱ्या फोननं काचेतून व्हिडिओ घ्या, आवाजासकट. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. शब्द संपल्यापासून अर्थ दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २ सेकंदांच्या आत असेल तर उत्तम. ३ सेकंदांपुढे गेलेला अर्थ दाखवूच नका, तोवर बोलणं पुढे सरकलेलं असतं आणि तो भलत्याच वाक्याला चिकटतो.

मग दहा मिनिटांचं ओळखीचं भाषण लावून तीन आकडे लिहा: बरोबर दाखवलेले, चुकीचे दाखवलेले, सुटलेले. आधी चुकीचे कमी करा. सुटलेला शब्द विचारता येतो, चुकीचा अर्थ मात्र मनात बसतो.

वापरताना समोरच्याला आधी सांगा की माइक चालू आहे, आणि त्याची हरकत असेल तर बंद करा. आवाज फोनवरच प्रक्रिया होऊन लगेच पुसला जाईल अशी सोय ठेवा. साठवायचीच तर फक्त शब्दांची यादी साठवा. संध्याकाळी ती चाळून जे शब्द आता येतात ते ‘माहीत’ नावाच्या वेगळ्या यादीत टाका, म्हणजे गाळणी दुसऱ्या दिवशी ते सोडून देईल.