गरवायला बसण्याआधी: डासांचं औषध कसं निवडायचं

कोजागिरीची रात्र होती. माझा थोरला भाऊ संध्याकाळी सहाला खाडीच्या बांधावरच्या उघाडीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, गरी टाकून मासे गरवायला बसला आणि मध्यरात्री दोन जिताडे घेऊन घरी आला. नरक चतुर्दशीला पहाटे अंगाला तेल लावायला बसवला, तर त्याला हुडहुडी भरलेली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. त्याच्या रक्ताची काच मीच तपासली. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. २३ वर्षं काचा रंगवते आणि भिंगाखाली घालते, पण त्या दिवशी फुगलेल्या तांबड्या पेशींमध्ये व्हायवॅक्स मलेरियाचे परजीवी दिसले तेव्हा भिंगावरचा डोळा काढून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

चावा त्याच रात्रीचा होता असं मी शपथेवर सांगणार नाही. पण कोजागिरी ते नरक चतुर्दशी हे १४ दिवस आणि डास चावल्यापासून व्हायवॅक्सचा ताप यायला साधारण तेवढेच दिवस लागतात. दादाने मलम लावलं नव्हतं का? लावलं होतं, सहा वाजता. नऊच्या सुमाराला त्याचा असर संपला असणार. पुन्हा लावलं तर आमिषाच्या कोळंबीला औषधाचा वास लागेल म्हणून त्याने ट्यूबला हात लावला नाही. पुढचे तीन तास तो उघड्या अंगाने बसला म्हणायचं.

तेव्हापासून आमच्या घरातून कुणीही गरवायला निघालं की मी पहिला प्रश्न विचारते, किती तास बसणार? औषध कोणतं, ते त्यानंतर.

तास कसे मोजायचे हे खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरच्या, माणसाला शिकवायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ साधारण कळते. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. खाडीत जितकं आत जाल तितकी ती आणखी उशिरा. म्हणजे पौर्णिमेला चढत्या पाण्यावर गरवायचं तर सहाला बसून बाराला उठायचं, सहा तास. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला पुरी होते, तेव्हा दिवस मावळताना दोन-अडीच तास बसलं की काम झालं. एकादशीला सव्वाआठ धरा. अष्टमीला जे मलम पुरतं ते पौर्णिमेला पुरणार नाही, हे एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी निवड झाली.

आता ट्यूब किंवा बाटली उलटी करा. पुढच्या बाजूचं पान, फूल, हसणारं बाळ यांच्याकडे बघू नका. मागे बारीक अक्षरात घटक आणि त्याचा टक्का लिहिलेला असतो, तो वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही.

किराणा दुकानात सहज मिळणारं ओडोमॉससारखं मलम असतं, त्यात डायएथिल बेन्झामाइड १२ टक्के असतं. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे थंडीच्या कोरड्या हवेत ते मला तीन तास पुरलं, ऑक्टोबरच्या घामात दोन. (मलम लावल्यापासून पहिला चावा किती मिनिटांनी बसला, एवढंच मी वहीत लिहिते. तुम्हीही लिहा. प्रत्येकाचा घाम वेगळा.) अष्टमीच्या अडीच तासांना थंडीत हे मलम भरपूर झालं, स्वस्त आहे आणि कुठेही मिळतं.

दुसरं डीट, म्हणजे डायएथिल टोलुअमाइड. हे अमेरिकेच्या सैन्यासाठी १९४६ साली तयार झालं आणि त्याच्याइतकी परीक्षा दुसऱ्या कुठल्या औषधाची झालेली नाही. यात टक्का फार महत्त्वाचा. लोकांना वाटतं टक्का जास्त म्हणजे औषध जहाल. तसं नाही. टक्का वाढला की असर जास्त वेळ टिकतो, एवढंच; आणि ५० टक्क्यांच्या वर गेल्यावर तोही फारसा वाढत नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००२ साली छापून आलेल्या चाचणीत जवळपास २४ टक्के डीटने सरासरी पाच तास डास लांब ठेवले. ती चाचणी प्रयोगशाळेतली, आपला बांध दमट. म्हणून मी २० ते ३० टक्क्यांचं डीट चार तासांचं धरते.

पण गरवणाऱ्याला डीटची एक मोठी अडचण आहे. ते प्लास्टिक खातं. माझ्या भाच्याने हातापायाला डीटचा फवारा मारला आणि त्याच बोटांनी उन्हाचा चष्मा काढून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी काचांवर बोटांचे पांढुरके ठसे उमटलेले, पुसून जाईनात. आमिषाच्या रबरी माशांचा डबाही त्याने तशाच हाताने हाताळला होता. त्यातले दोन मासे एकमेकांना चिकटून बसले. नायलॉनच्या तंगुसाला, म्हणजे गरीच्या दोरीला, आणि सुती कपड्याला डीटने काही होत नाही. मात्र चष्मा, घड्याळाची काच, रीळची रबरी मूठ, रंग दिलेला बोया, ताणले जाणारे तंग कपडे हे सगळं जपायला हवं. नुसत्या हाताने तंगूस सोडणाऱ्याला डीट चालेल. रॉड-रीळवाल्याने विचार करावा.

म्हणून लांबच्या रात्रीसाठी माझी पसंती पिकारिडिनला आहे. काही बाटल्यांवर याचंच नाव इकारिडिन असं लिहितात. २० टक्क्यांचं घ्या. त्याला वास जवळजवळ नाही, चिकचिक नाही, प्लास्टिकला धक्का लावत नाही आणि टिकायला डीटच्या बरोबरीचं. आमच्याकडे दुकानात मिळत नाही, मागवावं लागतं, किंमतही जास्त पडते. तरी एक बाटली आमच्या घरात पौर्णिमा-अमावास्येसाठी राखून ठेवलेली असते. व्हायवॅक्सच्या गोळ्या तर आमच्या केंद्रात फुकट मिळतात; पण तीन दिवस क्लोरोक्विन आणि त्याबरोबर १४ दिवस प्रायमाक्विन घेणारा माणूस किती गळून जातो ते मी पाहिलेलं आहे.

झाडापाल्याचं हवं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. लिंबासारखा वास येणाऱ्या निलगिरीच्या अर्कापासून पीएमडी नावाचा घटक करतात, तो खरोखर उपयोगी आहे. बाटलीवर पीएमडी लिहिलेलं हवं. सर्दीला हुंगायचं निलगिरी तेल वेगळं, ते लावलं की थोड्या वेळात उडून जातं. पीएमडी तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका. गवती चहाच्या जातीचं सिट्रोनेला तेल अर्धा-पाऊण तास पुरलं तर नशीब. करंजाचं तेल आमची आजी लावायची. त्याला वास उग्र, हात बुळबुळीत होतो आणि मासा ओढताना तंगूस सुटतो. आजीवर माझी माया आहे, पण तिच्या तेलावर मी सहा तासांची रात्र सोपवणार नाही.

मनगटात घालायचे पट्टे आणि मोबाइलमधले आवाज यांवर पैसे आणि वेळ घालवू नका. त्याच २००२ च्या चाचणीत पट्ट्यांनी एक मिनिटसुद्धा टिकाव धरला नाही. कॉइल बांधावर वाऱ्याने निरुपयोगी ठरते आणि होडीच्या बंद खोपीत लावली तर तिचा धूर माणसाच्याच छातीत जातो. आठवडी बाजारात डासांच्या अगरबत्त्या सुट्या विकायला असतात. पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक नसेल तर त्या घरात आणू नका. आत कोणतं कीटकनाशक, किती घातलंय, कुणालाच ठाऊक नसतं.

आता दादाच्या कोळंबीची गोष्ट. त्याची भीती अगदीच खोटी नाही. शिंगाळा मासा तर वासावरच आमिष शोधतो. औषधाच्या वासाने जिताडा पळतो की नाही हे मी सिद्ध करू शकत नाही, पण त्यासाठी औषध टाळायचं कारण नाही. तळहात आणि बोटं कोरडी ठेवून लावायची रीत आहे. रोल-ऑन किंवा कांडीसारखी बाटली घ्या, म्हणजे हाताला लागतच नाही. मलमच असेल तर ते एका मनगटाच्या आतल्या बाजूला घ्या आणि मनगटानेच दुसरा हात, मान, घोटे चोळा. बसायला गेलेल्या दोघांनी एकमेकांच्या मानेला लावावं, हे सगळ्यात सोपं. वहिनी आता जिताड्याच्या रात्री दादाबरोबर जाते. मलम तिच्या हाताला, कोळंबी त्याच्या. एकट्याने बसायचं असेल तर साबणाची वडी आणि बाटलीभर गोडं पाणी बरोबर ठेवा, आमिषाला हात लावण्याआधी हात धुवा.

लावताना कंजुषी नको. औषध जिथे लावलं तिथेच काम करतं. चार बोटांवरची मोकळी कातडी डासाला पुरते. कानाची पाळी, घोट्याचं हाड, पावलाची वरची बाजू आणि वाकल्यावर सदरा वर सरकतो तिथली कंबर या जागा नेहमी सुटतात. चिखलात उतरून पाय धुतले की औषधही धुऊन गेलं, पुन्हा लावा. पावसाचंही तेच. उन्हाचं मलम लावत असाल तर ते आधी, ते मुरल्यावर हे. तोंडावर फवारा मारायचा नाही, हातावर घेऊन पुसायचं, डोळे आणि ओठ सोडून. लहान मुलांच्या हातांना लावू नका, ती बोटं तोंडात घालतात. कपड्याखालच्या अंगाला लावायचं नाही आणि घरी आल्यावर साबणाने धुवून टाकायचं.

कपडे सैल, फिक्या रंगाचे, लांब बाह्यांचे घ्या. तंग कापडातून डासाची सोंड आरपार जाते. गडद रंगाकडे डास जास्त येतात. काही जण कपड्यांवर परमेथ्रिन मारतात. ते कपड्यापुरतं चांगलं आहे, अंगाला कधीच लावायचं नाही. पण आपण पाण्यावर जाणारी माणसं, आणि परमेथ्रिन मासे, कोळंबी, चिंबोऱ्या यांना फार विषारी असतं. तो सदरा खाडीत खळबळायचा नाही, जिवंत कोळंबीच्या बादलीपाशीही न्यायचा नाही. मला हा धोका नको वाटतो म्हणून मी ते वापरत नाही.

सकाळी जाणाऱ्यांनी डास रात्रीचेच असतात या भरवशावर राहू नये. मलेरियाचा ॲनॉफिलिस रात्री चावतो, पण डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा एडिस दिवसा, त्यातही उजाडल्यावर दोन तास आणि मावळतीच्या आधी जास्त. आणि हा एडिस आपणच पाळतो. पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या होड्या, होडीच्या कडेला बांधलेले टायर, बर्फाच्या फुटक्या पेट्या यांत आठवडा-दहा दिवस पाणी राहिलं की अंड्याचा डास होतो. होडी पालथी घाला, ते जमत नसेल तर दर आठवड्याला उपसून कोरडी करा. तिवरांच्या कडेला चावणारी बारीक चिलटं वेगळी, पण डीट आणि पिकारिडिन त्यांनाही आवरतं.

दादा आता पौर्णिमेला बसतो तेव्हा सहाला पिकारिडिन लावतो, दहाला मोबाइलचा गजर वाजला की पुन्हा लावतो. तरीही चावे बसायचे ते बसतात. म्हणून गरवून आल्यावर पुढचा महिनाभर ताप आला तर मेडिकलमधून क्रोसिन घेऊन अंगावर काढू नका. गोळी सुरू करण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात बोटातून रक्त द्या, तपासणी फुकट असते. काच घेणाऱ्याला सांगा की अमुक रात्री अमुक खाडीवर इतके वाजेपर्यंत बसलो होतो. ते ऐकलं की आम्ही त्या काचेला जास्त वेळ देतो.