अमिबा चालतोय की वाहतोय? प्रयोग करताना या चुका टाळा

गोव्यात चवथीची (गणेशचतुर्थीची) सुट्टी संपली की उच्च माध्यमिकची मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत येतात. कुणी घराजवळच्या तळीतलं पाणी आणतो, कुणी कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पाटातलं, कुणी शेताच्या मेरेखालचं. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाते आणि पाच मिनिटांत हाक येते, "सर, अमिबा धावतो!" जाऊन पाहिलं तर धावणारा जीव बहुधा केसल असतो, म्हणजे अंगावरच्या बारीक केसांनी पोहणारा, पॅरामेशियमच्या जातकुळीतला. अमिबा असा धावत नाही. अमिबा प्रोटियससारखा मोठा, पाव ते अर्धा मिलिमीटर लांबीचा अमिबासुद्धा सेकंदाला जेमतेम काही मायक्रोमीटर सरकतो. एक मिलिमीटर जायला त्याला काही मिनिटं लागतात. दोन सेकंदांत दृष्टीक्षेत्र ओलांडून गेलेली गोष्ट एक तर दुसरा जीव असते, नाही तर पाणीच वाहत असतं.

पाण्याचं हे वाहणं सगळ्यात फसवं. आच्छादक काचेच्या कडेने पाणी सुकतं आणि आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं. वर पंखा चालू असला की हे आणखी वेगाने होतं. अमिबा त्या ओघाबरोबर जातो आणि वहीत "अमिबा उजवीकडे गेला" अशी नोंद होते. ओळखायला सोपं आहे: आसपासचे मातीचे कण बघा. तेही त्याच दिशेने चालले असतील तर तुम्ही प्रवाह पाहताय. काचेच्या कडांना व्हॅसलिनची पातळ रेघ द्या, पंखा बंद करा, पुन्हा बघा.

दुसरी तक्रार अगदी उलट असते: "हलतच नाही." काच दाबून बसवली असेल तर बिचारा चेपला जातो. काचेखाली दोन बाजूंना एकेक केस ठेवा, तेवढी उंची पुरते. ड्रॉपरच्या धक्क्याने अमिबा गोळा होऊन बसतो, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका. दिवा मंद ठेवा, कारण प्रखर उजेडाने तो थबकतो आणि जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने थेंब तापतो. डायफ्रॅम (सूक्ष्मदर्शकातला उजेड कमी-जास्त करणारा पडदा) थोडा मिटला की पारदर्शक पेशीच्या कडा उठून दिसतात. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी आणि साबणाचा अंश राहिलेली काचपट्टी, दोन्ही टाळा.

तो चालू लागला की छद्मपादाच्या, म्हणजे चालताना तो पुढे काढतो त्या तात्पुरत्या पायाच्या, आत लक्ष द्या. मधोमध कण पुढे वाहतात, बाजूचा थर मात्र जेलीसारखा घट्ट, जागच्या जागी असतो. टोकाशी कण नसलेला स्वच्छ भाग दिसतो. तिथे पोचलेला द्रव बाजूला वळून घट्ट होतो आणि मागच्या टोकाला घट्ट थर पुन्हा पातळ होतो. उत्तरपत्रिकेत "अमिबा पाण्यासारखा ओघळतो" असं लिहिलेलं वाचलं की मला वाईट वाटतं, कारण ओघळायला उतार लागतो आणि हा तर सपाट काचेवर स्वतःच्या बळावर जातो. ते बळ ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचं आणि त्यांना ओढणाऱ्या मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाचं. मोठ्या अमिबात घट्ट थर आकुंचन पावून आतला द्रव पुढे रेटला जातो. लहान पेशींत पुढच्या कडेला ॲक्टिनचे धागे वाढत जातात आणि पटलाला पुढे ढकलतात.

आता रसायनांकडे. विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणारा प्रयोग म्हणजे थेंबाच्या कडेला मिठाचा खडा ठेवायचा, अमिबा आकसला की "रासायनिक संदेशाला प्रतिसाद" असा फलक लावायचा. हा संदेश नव्हे, मार आहे. मीठ पेशीतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ती आकसते. व्हिनेगर आणि लिंबाचा रस तर तिला मारूनच टाकतात. आपल्याकडे याचीच एक वेगळी आवृत्ती घडते. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या) पोंयीतलं (डबक्यातलं) किंवा मानशीजवळचं (पाणी अडवणाऱ्या दाराजवळचं) मचूळ पाणी आणून कुणी ते साध्या पाण्याने पातळ करतं आणि पेशी फुगून फुटतात. गोड्या पाण्यातल्या अमिबाची संकोची रिक्तिका आत शिरणारं पाणी सतत बाहेर टाकत असते. खाऱ्या पाण्याला सरावलेल्या जीवाकडून त्याच वेगाची अपेक्षा ठेवू नये. नमुना ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात तो पाहावा.

खरा संदेश म्हणजे संहतीचा उतार: एका बाजूला रेणू जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. ड्रॉपरने थेंब सोडला की उतार तयार होतो, हा समज सोडा. थेंबाने पाणी ढवळलं जातं आणि आपण पुन्हा प्रवाहाच्या फेऱ्यात सापडतो. साखरेएवढ्या लहान रेणूला ढवळल्याशिवाय, निव्वळ विसरणाने, मिलिमीटरभर पसरायला सुमारे पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणून अगर या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात दोन खळगे करून एकात रसायन, दुसऱ्यात पेशी ठेवायच्या आणि थांबायचं. शिवाय रसायन दोन्ही बाजूंना सारखं असलेली एक मांडणी आणि रसायन मुळीच नसलेली एक मांडणी हवीच. दोन्हीकडे सारखं असताना पेशी नुसत्या जास्त चळवळ्या झाल्या, तर ती दिशा नव्हे. वेग वाढणं आणि एका बाजूला वळणं या दोन गोष्टी आहेत. रसायन-अनुचलन फक्त दुसरीला म्हणायचं.

ही गल्लत ज्याने सर्वांत सुंदर रीतीने सोडवली तो अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जॉन टायलर बॉनर. डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम हा मातीतला अमिबा उपाशी पडला की हजारो पेशी एका केंद्राकडे जमतात. त्यांना बोलावतं कोण? १९४७ साली बॉनरने त्यांच्यावरून पाणी हळू वाहू दिलं. केंद्राच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे जात होतं तिकडे असलेल्या पेशी केंद्राकडे वळल्या. वरच्या अंगाच्या वळल्या नाहीत. म्हणजे बोलावणारी वस्तू पाण्याबरोबर वाहून जाणारी होती. आपण ज्या प्रवाहाला वैतागतो, त्यालाच त्याने साक्षीदार केलं. ती वस्तू सायक्लिक एएमपी आहे हे १९६७ मध्ये कळलं. आपल्या यकृताच्या पेशीत ॲड्रेनॅलिनचा निरोप आत पोचवणारा रेणू हाच.

इथून पुढची चूक म्हणजे हा नियम सगळ्या अमिबांना लावणं. पाठ्यपुस्तकातला अमिबा प्रोटियस असा जमाव करत नाही. डिक्टिओस्टेलियमसुद्धा पोट भरलेलं असताना जीवाणूंकडून येणाऱ्या फोलिक आम्लाच्या मागावर असतो, सायक्लिक एएमपीकडे तो वळतो उपासमार सुरू झाल्यावर. त्यामुळे नीट न धुतलेल्या, जीवाणूंनी भरलेल्या पेशी घेऊन "जमाव होत नाही" म्हणणं बरोबर नाही. आणि त्याला साधारण २२ अंश तापमान मानवतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्या प्रयोगशाळेत ते मिळत नाही. हा प्रयोग थंड खोलीत करा, नाही तर बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या थर्मोकोलच्या पेटीत.

"अमिबा पुढच्या टोकाने हुंगतो" हेही चुकीचं. डिक्टिओस्टेलियममध्ये सायक्लिक एएमपी ओळखणारे ग्राहक रेणू पेशीच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखे पसरलेले असतात. दहा-पंधरा मायक्रोमीटरच्या या पेशीला दोन टोकांमधला एक-दोन टक्क्यांचा फरकही पुरतो. ई. कोलाय जीवाणू वेगळा. तो पोहत पोहत आताची संहती मघाच्या संहतीशी ताडून बघतो. लॅट्रंक्युलिन या विषाने ॲक्टिनचे धागे मोडले तर अमिबा गोल होऊन जागीच थांबतो, तरीही पेशीच्या आतले रेणू संदेशाच्या बाजूला गोळा होतात. दिशा कळलेली असते, पाय नसतात. मला हा प्रयोग फार आवडतो. ज्या मुलाने "हलला नाही म्हणजे त्याला कळलं नाही" असं लिहिलं, त्याला मी हाच सांगतो.

संदेश एकदा सुटला की तसाच राहतो, असंही नाही. केंद्रातून साधारण दर सहा मिनिटांनी लाट येते आणि मधल्या वेळात पेशी एका विकराने सायक्लिक एएमपी तोडून टाकतात. तो तोडला नाही तर सगळीकडे सारखा भरून जाईल आणि उतारच उरणार नाही.

मातीचा नमुना घ्यायला मोले किंवा नेत्रावळीच्या अभयारण्यात परवानगीशिवाय जाऊ नका. कुळागरातला कुजलेला पाला, मालकाला विचारून, चांगला चालतो. पाणी तोंडाने पिपेटमध्ये ओढू नका, हात धुवा. उबदार गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा असू शकतो आणि तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. क्वचितच घडतं, पण घडलं तर बहुधा जीव जातो. म्हणून तळीत उतरून नमुना घेताना डोकं पाण्याखाली नको.

नोंदीसाठी मोबाइल नेत्रिकेवर टेकवून दर अर्ध्या मिनिटाला फोटो काढा. प्रत्येक फोटोत अमिबाची जागा लिहाच, शेजारच्या एका मातीच्या कणाचीही लिहा. कण जेवढा सरकला तेवढं अमिबाच्या अंतरातून, दिशा धरून, वजा करा. उरेल तेवढा तो चालला.